फायबरचा की काँक्रीटचा? घरच्या तरणतलावाबद्दल दोन भावांचा वाद

फायबरग्लासचा तरणतलाव कारखान्यात साच्यावर घडतो आणि तयार होऊन ट्रेलरवरून घरी येतो. साचा उलटा असतो, म्हणजे तळ वर आणि काठ खाली. साच्याला आधी मेण चोळतात आणि त्यावर जेलकोटचा रंगीत थर फवारतात. हा थर जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, आणि पुढे पोहणाऱ्याच्या पायाला लागतो तो एवढाच. त्याच्या मागे रेझिनमध्ये भिजलेल्या काचतंतूंचे थर चढतात. कुठे तंतूंचे तुकडे बंदुकीने फवारलेले असतात, तर कुठे विणलेले कापड अंथरून रोलरने दाबलेले असते. भिंती फुगू नयेत म्हणून बाहेरच्या अंगाला बरगड्या देतात. रेझिन घट्ट झाले की हे कवच साच्यावरून उचलून सुलटे करतात. धंद्यातली माणसे त्याला शेल म्हणतात. त्याची जाडी साधारण ६ ते १० मिलिमीटर असते.

काँक्रीटच्या तलावाचा क्रम याच्या उलट आहे. खड्डा, पीसीसी म्हणजे तळाचे साधे काँक्रीट, सळया, सेंट्रिंग, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स हे सगळे जागेवरच होते. पाणी दोन्ही तलावांत सारखेच मावते. फरक पडतो तो तलाव कोणाच्या हाताने घडतो यात, आणि त्याहून जास्त, भोवतालच्या जमिनीशी त्याचे कसे जमते यात.

हा फरक उलगडण्यासाठी दोन भावांचा वाद कल्पून घ्यावा. जागा अलिबाग तालुक्यातली. वडिलोपार्जित घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, एका कडेला विहीर. थोरला भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता, सगळी हयात काँक्रीटमध्ये गेलेला. धाकट्याचा मुंबईत व्यवसाय आहे. त्याने ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल असा फायबरचा तलाव पसंत केला आहे. त्यात सुमारे २४,००० लिटर पाणी मावते.

धाकटा : दादा, काँक्रीटचं काम काढलं की मेस्त्री वेगळा, वॉटरप्रूफिंगवाला वेगळा, टाइल्सवाला वेगळा. गळती लागली की प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि आपण दर शनिवारी लाँच पकडून मांडवा गाठायचं. फायबरचा तलाव तयार येतो. खड्डा तयार असेल तर आठ-दहा दिवसांत पाणी भरता येतं.

थोरला : तू दिवस मोजतोस ते शेल दारात उतरल्यापासूनचे. कारखान्याचा साचा मोकळा होईपर्यंत थांबायचं, ते धरलंस का? खड्डा, पाइप, फिल्टर, पंपाची खोली, भोवतीची फरशी हे तर दोन्हीकडे आहेच. दर विचारताना सगळे शेलचा भाव विचारतात आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात. ते बाकीचंच अंगावर येतं.

थोरल्याचे म्हणणे योग्य आहे. तरी वेळेची बचत खोटी नाही. काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांची. त्यानंतर पाणी भरून गळती तपासायची, मग टाइल्स. तीन महिने सहज जातात, आणि मध्ये मृगाचा पाऊस आला तर खड्ड्याचेच तळे होते. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे. त्यात सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रत सांगितली आहे. ती प्रत एखाद्या वाडीत, फावड्याने माल कालवून साधणे कठीण असते. फायबरचा खरा फायदा वेगापेक्षा इथे आहे: सर्वांत नाजूक काम छपराखाली, ऊनपावसापासून दूर होते. मात्र कारखाना म्हटला की डोळ्यांसमोर यंत्रे येतात, तसे इथे नसते. रोलर फिरवणारा कामगारच असतो. त्याने थरांमध्ये हवेचे बुडबुडे ठेवले तर ते जेलकोटच्या झगमगाटाआड कायमचे लपतात.

थोरला : म्हणजे मेस्त्रीचे हात जाऊन दुसऱ्या कोणाचे हात आले, इतकंच. मला काळजी आहे ती त्या अर्ध्या मिलिमीटरची. वीस वर्षं तो पाण्यात भिजत राहणार.

धाकटा : कोळीवाड्यात जाऊन बघ. लाकडाच्या होड्या किती उरल्यात? फायबरच्या होड्या खाऱ्या पाण्यात, उन्हात, रेतीवर घासून वर्षानुवर्षं चालतात. आपला तलाव तर गोड्या पाण्याचा.

थोरला : पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्या होड्या वर ओढून ठेवतात, ते विसरलास. तेवढा काळ त्या बाहेरून सुकतात. तलावाला सुट्टी नाही. आणि गोडं पाणी म्हणून निर्धास्त राहू नकोस. या बाबतीत गोडंच जास्त वाईट.

शेवटचे वाक्य चमत्कारिक वाटले तरी खरे आहे. जेलकोट पाणी अडवतो, पण पाण्याचा एकेक रेणू त्यातून अगदी सावकाश आत शिरतच असतो. आतल्या पॉलिएस्टर रेझिनमधले एस्टर बंध हे पाणी हळूहळू तोडते. त्यातून, आणि रेझिनमध्ये अर्धवट राहून गेलेल्या घटकांतून, विरघळणारे पदार्थ सुटतात. थरांमधल्या पोकळीत त्यांचा एक दाट थेंब साचतो. जेलकोट अर्धपार्य पडद्यासारखा वागू लागतो आणि बाहेरचे पातळ पाणी त्या दाट थेंबाकडे ओढले जाते. ही परासरणाची क्रिया. बाहेरचे पाणी जितके निर्मळ, तितकी ही ओढ जास्त, म्हणून समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात ती जोरात चालते. आत दाब वाढला की जेलकोटवर फोड येतात. होड्यांच्या धंद्याला हे दुखणे जुने आहे.

त्यावरचा उपायही होड्यांच्या धंद्यातूनच आला. जेलकोटच्या लगेच मागचा थर साध्या पॉलिएस्टरऐवजी व्हिनाइल एस्टर रेझिनचा देतात. या रेझिनच्या साखळीत एस्टर बंध थोडे असतात आणि तेही टोकांना, त्यामुळे पाण्याला तोडायला फारसे काही सापडत नाही. सगळा शेल व्हिनाइल एस्टरचा करणे महाग पडते, आणि त्याची गरजही नसते. पाण्याकडचा थर मात्र त्याचाच हवा. फायबरचा तलाव घेणाऱ्याने विक्रेत्याला रंग विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे.

धाकटा : तो लिहून देईल. पण थर आतमध्ये असतो, दिसणार कसा?

थोरला : थर दिसणार नाही, जाडी दिसेल. पाण्यावरचा कचरा ओढणारा स्किमर आणि पाण्याच्या नळ्या बसवायला शेलला भोकं पाडतात. त्या कापलेल्या चकत्या फेकून देतात. त्या मागून घ्यायच्या आणि व्हर्निअरने मोजायच्या. चकतीच्या कडेला थर एकसंध दिसतात की मध्ये पोकळ्या आहेत, तेही कळतं.

धाकटा : आणि आतून?

थोरला : आतून सूर्य कलला असताना भिंतीकडे तिरकं बघायचं. पृष्ठभाग लाटांसारखा दिसला, बरगड्यांच्या खुणा उमटलेल्या दिसल्या, तर घाई झालीय म्हणायचं. ॲसिटोनचा बोळा न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासून बघ. चिकट लागलं तर रेझिन पुरतं पिकलेलं नाही.

शेलवरच्या हमीचीही अशीच चिरफाड करायला हवी. जाहिरातीतली मोठी वर्षसंख्या बहुधा शेलच्या बांधणीची असते, म्हणजे तो फाटणार नाही याची. जेलकोटचा रंग उडणे, खडूसारखी पूड सुटणे, फोड येणे यांची हमी वेगळी आणि थोड्या वर्षांची असते. दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करण्याचा आणि पुन्हा भरण्याचा खर्च कोणाकडे, हे बहुतेक हमीपत्रांत लिहिलेले नसते. गडद निळा किंवा काळसर रंग छायाचित्रात देखणा दिसतो. पण कोकणातल्या उन्हात तो फिका पडलेला आधी दिसतो, आणि पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर गडद रंगाचे ठिगळ लपत नाही. फिकट रंग घ्यावा.

इथपर्यंत पारडे धाकट्याकडे झुकलेले आहे. वादाला वळण मिळते ते विहिरीमुळे.

थोरला : ऑगस्टमध्ये आपल्या विहिरीचं पाणी कुठवर येतं?

धाकटा : वाकून कळशी भरता येते. जमिनीपासून दोनेक फुटांवर असेल.

थोरला : मग तुझ्या तलावाचा तळ त्या पाण्याच्या किती खाली गेला, हिशेब कर.

हा हिशेब प्रत्येकाने करावा असा आहे, आणि त्याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. तळ जमिनीखाली १.३५ मीटरवर धरला आणि भूजल ०.६ मीटरवर आले, तर तळ भूजलाच्या पाऊण मीटर खाली आहे. तळाचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. म्हणजे बाहेरचे पाणी शेलला १३.५ टनांनी वर ढकलते. शेलचे स्वतःचे वजन अर्धा ते पाऊण टन. तलाव भरलेला असेल तोवर आतले २४ टन पाणी त्याला दाबून ठेवते आणि काही घडत नाही. पण कोणी पावसाळ्यात साफसफाईसाठी तो उपसला, तर आतले वजन गेलेले आणि बाहेरचा रेटा तसाच. शेल जागचा उचलला जातो, पाइप तुटतात, भोवतीची फरशी उखडते. पूर्वीच्या जागी तो पुन्हा नीट बसत नाही, कारण त्याच्याखाली तोवर माती सरकलेली असते. फायबरच्या तलावाचा घात होतो तो बहुतेक असाच, आणि बहुतेक वेळा मालकाच्याच हाताने.

धाकटा : आणि काँक्रीटचं काय? तेही बाहेरून पाण्यातच आहे की.

थोरला : काँक्रीटला वजन आहे.

धाकटा : किती? तोही हिशेब होऊ दे.

थोरल्याला हा हिशेब टाळता येत नाही. तेवढ्याच मापाच्या तलावाच्या भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरले, तर सुमारे साडेनऊ घनमीटर काँक्रीट लागते. त्याचे वजन साधारण साडेतेवीस टन. बाहेरून मोजलेला तळ जवळजवळ २२ चौरस मीटर भरतो. मातीचे घर्षण सोडून दिले, तर पाणी या तळाच्या खालच्या बाजूपासून सुमारे १.०८ मीटर चढले की रिकामे काँक्रीटही तरंगू लागते. या वाडीत ऑगस्टमध्ये ते ०.९५ मीटर चढलेले असते. म्हणजे काँक्रीटचा रिकामा तलाव इथे टिकतो तो जेमतेम अर्ध्या फुटाच्या फरकाने. एखाद्या अतिवृष्टीत तोही उचलला जाईल.

धाकटा : म्हणजे काँक्रीटसुद्धा तरंगतं!

थोरला : तरंगतं. फक्त उशिरा.

या उशिराला किंमत आहे, हे नाकारता येत नाही. चूक पोटात घालण्याची ताकद काँक्रीटमध्ये जास्त असते. पण काँक्रीट म्हणजे निर्धास्तपणा ही समजूत मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही. भूजल वर येणाऱ्या जागेत दोन्ही तलावांना पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था लागतेच. काँक्रीटमध्ये तळाशी दाब सोडणारी झडप बसवता येते, आणि बाहेरचे पाणी वाढले की ती उघडून पाणी आत घेते. फायबरसाठी अधिक सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे खड्ड्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यात, शेलच्या बाहेर, खडीमध्ये उभा केलेला भोकाभोकांचा पीव्हीसी पाइप. तो सहा-आठ इंची असावा आणि त्याचे तोंड फरशीच्या पातळीवर झाकणाखाली ठेवावे. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले की बाहेरचे पाणी कुठवर आहे ते दिसते, आणि गरज पडली तर त्यात लहान पंप सोडून ते उपसता येते. या पाइपला खर्च नगण्य येतो. तरीही कोटेशनमध्ये तो नसतो, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि गिऱ्हाईक मागत नाही.

विहिरीची पातळी खाली असली तरी धोका टळला असे नाही. खड्डा चिकण मातीत खणलेला आणि खडीने भरलेला असेल, तर भोवतालच्या जमिनीवरचे पावसाचे पाणी त्याच खड्ड्यात उतरून साचते, जायला वाट नसते. म्हणून फरशीचा उतार तलावापासून दूर द्यावा आणि घराच्या पागोळ्या तलावाच्या बाजूला सोडू नयेत. अलिबागसारख्या ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नुसत्या तलावाच्या १८ चौरस मीटरवरच पावसाळ्यात ३६,००० लिटरहून अधिक पाणी पडते, म्हणजे तलावाच्या दीडपट. ते वाहून जायला ओव्हरफ्लोचा पाइपही हवा.

खड्डा कशाने भरायचा, यावर ठेकेदारांचे एकमत नसते. अनेक जण खणलेली माती किंवा मुरूमच परत लोटतात, कारण तो फुकट असतो. माती नंतर बसते, भिंतीला कुठे दाबते, कुठे सोडते, आणि शेलच्या भिंतीला पोट येते. धुतलेली स्वच्छ खडी टाकली की ती जवळजवळ बसत नाही आणि पाण्यालाही वाट देते. क्रमही महत्त्वाचा आहे. आत पाणी आणि बाहेर खडी बरोबरीने चढवायची. एकीकडची पातळी दुसरीपेक्षा फूटभराहून जास्त पुढे जाऊ द्यायची नाही. बाहेर आधी भरले तर भिंत आत येते, आत आधी भरले तर बाहेर फुगते. म्हणून खड्डा भरण्याच्या दिवशी २४,००० लिटर पाणी हाताशी हवे, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. मे महिन्यात टँकर वेळेवर न आल्याने अर्धवट भरलेला शेल दोन दिवस तसाच राहिला, तर नंतर त्याची भिंत सरळ होत नाही.

घाटावर परिस्थिती निराळी. पुणे-नाशिकच्या बाजूला थोड्या खोलीवर कातळ लागतो आणि पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो. तिथे भूजलाची भीती कमी असते, पण कातळाचा एखादा उंचवटा शेलच्या तळाला टेकला तर नेमक्या त्याच जागी जेलकोटला ताऱ्यासारखे तडे जातात. त्यासाठी खालचा खडीचा किंवा कचेचा थर सपाट आणि सगळीकडे सारखा हवा. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या काळ्या मातीत तर दोन्ही पर्यायांचे हाल. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून फाटते. काँक्रीटला त्यात भेगा पडतात, फायबर लवचिक असल्याने थोडे सोसते. पण माती काढून तिथे खडीचा जाड वेढा दिल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही तिथे उतरवू नये.

धाकटा : बरं, जमीन झाली. आता हा शेल वाडीत येणार कसा, ते तरी सोपं आहे ना?

थोरला : तुझा तलाव ३ मीटर रुंद, काठ धरून त्याहून जास्त. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर. म्हणजे तो आडवा आणायचा तर खास परवानगी, नाहीतर ट्रेलरवर तिरका उभा करून. मग उंची वाढते. आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना जांभ्याच्या भिंती आणि वर विजेच्या तारा.

फायबरच्या तलावाची रुंदी पोहणाऱ्याच्या गरजेपेक्षा रस्त्याच्या रुंदीने ठरते. अमेरिकेतही एकसंध शेल साधारण १६ फुटांच्या पुढे जात नाहीत, त्याचे कारण हेच. भारतात यावर तोड म्हणून अनेक उत्पादक तलाव तुकड्यांत आणतात आणि जागेवर जोडतात. मोठ्या मापाला याशिवाय मार्ग नसतो. पण त्याने फायबरचा मोठा गुण हातचा जातो, कारण सर्वांत नाजूक काम, म्हणजे सांधा, पुन्हा उघड्यावर आणि जागेवरच्या माणसाच्या हाती येतो. घरगुती तलाव लहान असेल तर एकसंधच घ्यावा. तो येत नसेल तर काँक्रीटचा विचार करावा. सांधलेला फायबर हा तिसऱ्या क्रमांकाचा पर्याय. ऑर्डर देण्याआधी चालकाला किंवा विक्रेत्याच्या माणसाला टेप घेऊन मुख्य रस्त्यापासून खड्ड्यापर्यंत चालायला लावावे. शेल उतरवायला साधी हायड्रा क्रेन पुरते. घरावरून पलीकडे टाकायचा असेल तर लांब हाताची मोठी क्रेन लागते, आणि तिचे भाडे कधीकधी निर्णयच बदलून टाकते.

आकाराच्या बाबतीत काँक्रीटची बाजू निर्विवाद वरचढ आहे. लोणावळ्याच्या उतारावर दरीकडे पाणी सांडणारी कड, वाडीतले झाड वाचवून वळवलेली भिंत, लहानग्यांसाठी वेगळा उथळ कोपरा, हे सगळे काँक्रीटमध्ये हवे तसे करता येते. फायबरमध्ये साच्यात असेल तेच मिळते.

गच्चीवरच्या तलावाबद्दल मात्र एक गैरसमज खोडावाच लागतो. शेल हलका म्हणून तो गच्चीवर चालेल, असे धाकट्यासारख्या अनेकांना वाटते. शेल हलका असतो, पाणी नसते. १.३५ मीटर खोल पाण्याचा भार चौरस मीटरला १,३५० किलो होतो. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चल भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, म्हणजे पाणी त्याच्या जवळजवळ सातपट. त्या स्लॅबसाठी संरचना अभियंत्याची लेखी मान्यता नसेल, तर विषय तिथेच संपवावा.

धाकटा : देखभालीत तरी माझी बाजू मान्य कर. टाइल्सच्या सांध्यांत शेवाळं धरतं. फायबरला सांधेच नाहीत.

थोरला : ते मान्य. प्लास्टर केलेल्या तलावात चुन्यामुळे पाण्याचा पीएच सारखा वर चढतो आणि ॲसिड ओतत बसावं लागतं. तेही तुझ्याकडे नाही. पण जेलकोटवर क्लोरीनच्या औषधाची गोळी टाकून बघ. जिथे पडेल तिथे पांढरा डाग.

दोघांचेही बरोबर आहे. पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळे क्लोरीन १ ते ३ पीपीएम हे प्रमाण दोन्ही प्रकारच्या तलावांना लागते. गुळगुळीत जेलकोटवर शेवाळ कमी चिकटत असल्याने ते सांभाळणे फायबरमध्ये सोपे जाते. औषध मात्र आधी बादलीत विरघळवून मग टाकावे, किंवा तरंगत्या डब्यातून सोडावे. कोकण आणि गोव्याच्या जांभ्यातल्या बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पहिले क्लोरीन पडताच पाणी तांबूस होते आणि फिकट भिंतीवर डाग बसतात. म्हणून भरण्याआधी पाणी तपासून घ्यावे. पाणी गाळायला वाळूचा साधा फिल्टर आणि सहा तासांत सगळे पाणी एकदा फिरवणारा, म्हणजे तासाला ४,००० लिटरचा पंप पुरतो. पाऊण अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर साधारण चार युनिट वीज जाते. विक्रेते मोठा पंप सुचवतात. त्याची गरज नसते.

सुरक्षेच्या बाबतीत भावांमध्ये मतभेद नाही, आणि असूही नये. तळाला पाणी ओढणारे एकच तोंड असेल तर त्याच्या ओढीत लहान मुलाचे केस किंवा अंग अडकू शकते. म्हणून दोन तोंडे, एकमेकांपासून दूर, आणि फुगीर सुरक्षित जाळीची. अमेरिकेत असे अपघात झाल्यानंतर २००७ मध्ये त्यासाठी संघराज्य पातळीवर कायदा करावा लागला. पंपाच्या जोडणीला गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग हवे, पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच. भोवती किमान चार फुटांचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवे. सुट्टीत भरणाऱ्या गावच्या घरात सगळी मोठी माणसे एकाच वेळी जेवायला बसतात, तेव्हा त्या फाटकाची खरी गरज पडते.

मग या वाडीत काय करावे?

थोरला : तळ वर घेऊ. तलाव पूर्ण गाडायचा नाही, दीड फूट जमिनीच्या वर ठेवायचा. तळ ९० सेंटिमीटरवर आला की ऑगस्टच्या पाण्यात तो फक्त ३० सेंटिमीटर बुडतो. वर ढकलणारा जोर साडेतेरा टनांवरून साडेपाच टनांच्या आत.

धाकटा : पण मग वर आलेली भिंत उघडी पडेल. शेल तेवढा रेटा सोसेल?

थोरला : एकटा नाही सोसणार. भोवती जांभ्याची भिंत बांधायची, मध्ये खडी. ती मी करून देतो. बाहेरचं पाणी आत वाहून येणार नाही, आणि रांगतं मूल सरळ चालत जाऊन पडणारही नाही.

या तोडग्यात फायबर येते ते धाकट्याच्या आग्रहाने आणि टिकते ते थोरल्याच्या भिंतीने. लहान, एकसंध, फिकट रंगाचा, व्हिनाइल एस्टरचा अडसर असलेला शेल, निरीक्षणाचा पाइप, धुतलेली खडी आणि पावसाळ्यात कधीही रिकामा न करण्याची शिस्त, एवढे जमत असेल तर किनाऱ्यावरच्या अशा जागेत फायबर काँक्रीटपेक्षा चांगले. यातली एखादी गोष्टही जमत नसेल, विशेषतः घर वर्षातले आठ महिने बंद आणि रखवालदाराच्या हाती राहणार असेल, तर जास्त खर्चून काँक्रीट करावे किंवा तलावाचा विचारच सोडावा.

तलाव घेऊ इच्छिणाऱ्याने आगाऊ रक्कम देण्याआधी एक पावसाळा थांबावे आणि ऑगस्टमध्ये आपल्या किंवा शेजारच्या विहिरीची पातळी मोजावी. किनाऱ्याजवळ जागा असेल तर ग्रामपंचायतीच्या परवानगीबरोबर सीआरझेडची, म्हणजे किनारी बांधकामाच्या नियमांचीही चौकशी त्याच वेळी करून घ्यावी. ऑर्डर पावसाळा संपताना द्यावी, खड्डा दिवाळीनंतर खणावा. आणि करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पाण्याकडच्या थराचे रेझिन कोणते, खडी भरण्याच्या दिवशी पाणी कोण पुरवणार, कापलेल्या चकत्या मालकाला मिळणार, आणि फोड आले तर तलाव रिकामा करण्याचा खर्च कोण सोसणार.